पडला किती, मुरला किती: काळ्या रानातला ओलावा मोजताना

मृग लागला की लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर तालुक्यात घरोघर एकच प्रश्न असतो, पेरावे की थांबावे? कृषी विभाग आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका. सल्ला खरा आहे. पण किनगाव मंडळात पडलेला पाऊस खंडाळी मंडळात पडतोच असे नाही. एकाच मंडळातही एका शिवारात ओढे वाहतात आणि दुसऱ्यात धूळ उडत असते. त्यातच उन्हाळाभर तापून भेगाळलेल्या काळ्या रानात पहिले दोन-तीन पाऊस भेगांतून थेट खाली उतरतात. पर्जन्यमापक ८० मिलिमीटर दाखवतो आणि बियाणे जिथे पडणार त्या थरात बोटे घातली तर कोरडे ढेकूळ हाताला लागते. अशा रानात पेरलेले सोयाबीन अर्धे उगवते, अर्धे कुजते. मग दुबार पेरणीसाठी बियाण्याच्या पिशव्या पुन्हा आणाव्या लागतात, त्याही बहुधा उधारीवर.

म्हणून घरचे हवामान केंद्र घेणाऱ्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते की नुसत्या पर्जन्यमापकावर थांबू नका. त्याच केंद्राला जोडता येणारे मातीतल्या ओलाव्याचे दोन तरी बिनतारी सेन्सर घ्या. पाऊस पडला किती हे पर्जन्यमापक सांगतो. मुरला किती, कोणत्या थरापर्यंत गेला आणि किती दिवस टिकला, हे माती सांगते. आपल्याकडचे पेरणीचे, पाण्याचे आणि कोळपणीचे निर्णय या दुसऱ्या उत्तरावर ठरतात.

आधी यंत्रांची तोंडओळख. बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. पहिली विद्युत-धारकतेवर चालते. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८०च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १ असतो. या फरकावरून सेन्सर आजूबाजूच्या मातीत पाणी किती, याचा अंदाज टक्क्यांत देतो. इकोविटसारख्या घरगुती हवामान केंद्रांचे सेन्सर याच जातीचे. ते एका पेन्सिल सेलवर चालतात, दर मिनिट-सव्वा मिनिटाला आकडा पाठवतात आणि एका गेटवेला (सेन्सरचे आकडे गोळा करणाऱ्या यंत्राला) असे आठ सेन्सर तरी जोडता येतात. दुसरी जात वॉटरमार्कसारख्या सेन्सरची. मुळांना मातीतून पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो, हे ती सेंटीबारमध्ये सांगते. शून्याजवळ आकडा म्हणजे माती तुडुंब, आणि आकडा जितका वाढेल तितकी माती कोरडी. डेव्हिसच्या केंद्राला लागणारे मातीचे सेन्सर या जातीचे असतात, त्यांची मोजणी २०० सेंटीबारपर्यंत जाते. भारी जमिनीत साधारण ६० ते १०० सेंटीबारच्या दरम्यान पाणी द्यावे, असा या सेन्सरचा ढोबळ नियम आहे.

ऑनलाइन दीड-दोनशे रुपयांत मिळणारे काटेरी सेन्सर शेतासाठी घेऊ नका. त्यांच्या दोन उघड्या धातूच्या पट्ट्यांतून वीज वाहते, त्या पट्ट्या काही आठवड्यांत गंजतात आणि आकडा भरकटतो. ईएसपी-३२ बोर्ड वापरून स्वतः यंत्र जुळवणारी हौशी मुले आता गावोगाव आहेत. त्यांनी धारकतेचा सेन्सर घ्यावा, पण त्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडा आणि वरचे सुटे भाग इपॉक्सीने पूर्ण बंद करावेत. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पट्टी पाणी पिऊन फुगते.

खरेदी करताना आणखी दोन गोष्टी विचारा. एक, सेन्सरची पट्टी थेट डब्याला जोडलेली आहे की मध्ये वायर आहे? डब्याला जोडलेली आखूड पट्टी वरच्या चार-पाच बोटांचीच ओल मोजते. कुंडीला आणि परसबागेला ती पुरते. सोयाबीन, तूर, हरभरा, ऊस यांच्यासाठी वायरवालाच घ्यायचा, म्हणजे पट्टी हव्या त्या खोलीवर गाडता येते आणि डबा वर राहतो. दुसरी गोष्ट लहरींची. परदेशी बाजारांसाठी ४३३, ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्झ असे वेगवेगळे नमुने निघतात. आपल्या देशात परवाना न लागणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे. अमेरिकेसाठीचा ९१५चा नमुना स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. गेटवे आणि सर्व सेन्सर एकाच लहरीचे असले पाहिजेत, नाहीतर ते एकमेकांना ओळखतच नाहीत.

आता अंतर. अनेकांचे घर गावात आणि रान दोन-तीन किलोमीटरवर असते. अशा घरगुती सेन्सरचा पल्ला मोकळ्या रानात शंभर मीटरच्या आसपास असतो. तूर छातीच्या वर गेली की तो आणखी घटतो, मध्ये पत्र्याची भिंत आली तर तुटतोच. गच्चीवर केंद्र आणि शेतात सेन्सर असा मेळ म्हणूनच बसत नाही. गेटवे शेतातच, आखाड्यावर ठेवावा लागतो. त्याला लहान सौर पॅनेल, बॅटरी आणि सिम कार्डवाला राउटर जोडला की आकडे घरी मोबाइलवर येतात. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय सुरू ठेवा, कारण बहुतेक गेटवे ५ गिगाहर्ट्झला जोडलेच जात नाहीत. आखाडा पत्र्याचा असेल तर गेटवे खिडकीशी किंवा बाहेर छपराखाली ठेवा. सेन्सरचा डबा पिकाच्या वर राहील असा बांबूच्या किंवा पीव्हीसीच्या खुंटाला बांधा, लोखंडी खुंट नको. रान मोठे आणि विखुरलेले असेल तर लोरा पद्धतीचे सेन्सर घ्यावेत. त्यांचा पल्ला किलोमीटरांत जातो, पण खर्चही वाढतो.

यापुढचे मात्र नीट वाचा, कारण परदेशी माहितीपुस्तिकेत ते सापडत नाही. आपली काळी माती फुगते आणि आकसते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते आणि भेगा पडतात. मुरमाड किंवा गाळाच्या जमिनीत सेन्सर एकदा खोचला की काम झाले. काळ्या रानात सेन्सर आणि माती यांची गाठ सुटू नये, हीच सगळी कारागिरी.

सेन्सर कधीही कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत बसवू नका. चांगला पाऊस होऊन वाफसा आला की बसवा. जागा निवडताना बांधाजवळची, ओढ्याकाठची, पाणी साचणारी किंवा झाडाच्या सावलीतली टाळा आणि रानाचा बहुतांश भाग जसा आहे तशीच जागा घ्या. एक हात खोल, सरळ कडेचा लहान खड्डा खणा. खणताना वरची आणि खालची माती वेगवेगळ्या ढिगात ठेवा. खड्ड्याच्या ज्या कडेची माती हललेली नाही, त्या कडेत १५ सेंटीमीटर खोलीवर एक पट्टी आणि ३० सेंटीमीटरवर दुसरी पट्टी आडवी, किंचित खाली कललेली खोचा. माती घट्ट असेल तर आधी तेवढ्याच जाडीच्या पातीने फट करा, पट्टी ठोकू नका. त्याच खोलीची माती पाण्यात कालवून, लापशीसारखी घट्ट करून, फटीत भरा म्हणजे हवेची पोकळी राहत नाही. वाळू, शेणखत किंवा वरची भुसभुशीत माती त्यात घालू नका, कारण मग सेन्सर तुमच्या रानाचा ओलावा न दाखवता त्या भरावाचा ओलावा दाखवतो. वॉटरमार्क असेल तर तो आधी पाण्यात भिजवून, ओला असतानाच बसवायचा. नंतर खड्डा आपापल्या थराने दाबत भरा. वायर वर आणण्याआधी तिला खाली एक वळसा द्या म्हणजे पावसाचे पाणी वायरीच्या कडेने सेन्सरपर्यंत ओघळत नाही. वायर पीव्हीसी पाइपातून काढली तर उंदरांपासूनही वाचते.

रुंद वरंबा सरीवर पेरले असेल तर सेन्सर वरंब्यावर, दोन ओळींच्या मधे घ्या. सरीत ठेवलेला सेन्सर पाणी निघून जाण्याची वाट दाखवतो, मुळांची अवस्था त्यातून कळत नाही. ठिबकावरच्या उसात किंवा भाजीपाल्यात ड्रिपरपासून वीतभर अंतर ठेवा. ड्रिपरखाली ठेवला तर रान कायम ओले दिसेल, दोन नळ्यांच्या मध्यावर ठेवला तर कायम कोरडे.

एवढे करूनही एखाद्या दिवशी भेग सेन्सरला येऊन भिडते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे. माती रोज थोडी थोडी सुकते, म्हणून आकड्याची रेघ हळूहळू उतरते. काल ३१ असलेला आकडा आज सकाळी एकदम १९ झाला, तर माती एका रात्रीत सुकलेली नाही, पट्टीभोवती हवा शिरली आहे. त्याउलट, उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसात ३० सेंटीमीटरवरचा सेन्सर १५ सेंटीमीटरवरच्या आधी उसळला, तर पाणी भेगेतून थेट तळाला गेले आणि मधला थर कोरडाच आहे, असे समजा. पेरणीच्या दृष्टीने याहून मोलाची खबर दुसरी नाही. पर्जन्यमापक १०० मिलिमीटर म्हणत असला तरी अशा दिवशी तिफण बाहेर काढू नका. दोन्ही आकडे वर येऊन निदान एक-दोन दिवस टिकून राहिले, त्यांची रेघ शांत उतरू लागली आणि मुठीत माती धरली तर गोळा होऊन बोटाने दाबताच फुटला, म्हणजे पेरणीजोगा वाफसा आला.

आता टक्क्यांचा अर्थ. शेजारच्या रानातले ३० टक्के आणि तुमच्या रानातले ३० टक्के एक नसतात. मन्याड नदीच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत ३० टक्क्यांवर पीक पाण्याची वाट पाहू लागते, तर बालाघाटच्या माळावरची मुरमाड जमीन एवढे पाणी धरूच शकत नाही. काळ्या मातीतली चिकणमाती आणि क्षार यांमुळेही धारकतेचे सेन्सर खऱ्यापेक्षा वर-खाली दाखवतात. म्हणून कंपनीने दिलेला रंगीत पट्टा (लाल कोरडे, निळे ओले) बाजूला ठेवा आणि आपल्या रानाच्या खुणा आपण करा.

वरची खूण अशी करायची. रान भिजवणारा मोठा पाऊस झाला किंवा पूर्ण पाणी दिले की आकडा शिखरावर जातो आणि नंतर जादा पाणी खाली उतरेल तसा खाली येतो. काळ्या रानात दोन-तीन दिवसांनी, कधी चौथ्या दिवशी, उतार मंदावतो. त्या सकाळचा आकडा वहीत लिहा. जमीन धरून ठेवू शकते तेवढे पाणी तो. खालची खूण पीक दाखवते. पावसाचा खंड लांबला की दुपारी पाने माना टाकतात. संध्याकाळी ती सावरतात तोवर धोका नाही, पण त्या दिवसाचा आकडा हा इशारा आहे. सावरायला रात्र उलटू लागली तर उशीर झालेला असतो. खात्रीसाठी जिल्ह्यातले कृषी विज्ञान केंद्र किंवा माती परीक्षण प्रयोगशाळा गाठा. ओली माती तोलून, १०५ अंशांवर भट्टीत दिवसभर वाळवून, पुन्हा तोलली की खरे पाणी कळते. ओल्या, मध्यम आणि कोरड्या अवस्थेतले असे तीन नमुने तपासून घेतले तर तुमचा सेन्सर किती पुढे-मागे चालतो ते कायमचे समजते.

एक उदाहरण हिशेबासाठी घेऊ. समजा वरची खूण ३८ आणि पिकाने हाय खाण्याचा आकडा २२ निघाला. मधले १६ टक्के म्हणजे वरच्या ३० सेंटीमीटर थरात ४८ मिलिमीटर पाणी. सोयाबीनसाठी यातले निम्मे खर्च झाले की पाणी द्यावे, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे आकडा ३०वर आला की पाळी द्यायची आणि २४ मिलिमीटर भरून काढायचे. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर, तेव्हा हे एकरी ९६,००० लिटर झाले. मोटार तासाला २५,००० लिटर फेकत असेल तर पावणेचार ते चार तास, आणि तुषारचे उडणारे पाणी धरून पाच तास. पाणी किती द्यायचे हे असे कळले की ‘रान भरेपर्यंत’ मोटार चालत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या जिल्ह्याने ते दिवस पाहिले, तिथे मुळांच्या खाली वाहून गेलेल्या प्रत्येक पाळीचे दुःख व्हायला हवे.

हवामान केंद्राचे दुसरे काम इथेच येते. तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन या चार गोष्टींवरून रोज किती मिलिमीटर पाणी उडते हे काढता येते. सौर किरणांचा सेन्सर असलेली काही केंद्रे हा आकडा स्वतःच दाखवतात. त्याला पिकाच्या अवस्थेचा गुणांक लावायचा. फुलोऱ्यात-शेंगांत असलेल्या सोयाबीनचा तो १.१५ च्या आसपास असतो. केंद्राने दिवसाचे ४.५ मिलिमीटर दाखवले तर पिकाने सुमारे ५.२ मिलिमीटर घेतले. कागदावर २४ मिलिमीटर साडेचार दिवसांत संपतात. पण मुळे ३० सेंटीमीटरच्या खालीही जातात, म्हणून प्रत्यक्षात जमीन त्याहून बरेच दिवस धकवते. किती, ते खालच्या सेन्सरची रेघ सांगते. वरची रेघ सपाट झाली आणि खालची उतरू लागली की मुळांनी खालच्या थराला हात घातला. कागदाचा हिशेब आणि मातीचा आकडा दोन्ही समोर ठेवले की तुटीचा दिवस चार-पाच दिवस आधी दिसतो. शेतीच्या लाईटची पाळी दिवसा आणि रात्री फिरत असते, तेव्हा हे चार दिवस फार कामाचे. रात्री दोनला स्टार्टर दाबायला जाण्याऐवजी दिवसाच्या पाळीत रान भिजवता येते.

केंद्र उभे करताना घाई करू नका. पर्जन्यमापक झाडापासून, आखाड्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. तापमानाचा सेन्सर जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या सावलीपेटीत हवा. पत्र्यावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर बसवला तर एप्रिल-मेमध्ये तो पत्र्याचे तापमान दाखवतो आणि बाष्पीभवनाचा हिशेब फुगतो. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात कडुलिंबाची पाने, कावळ्याची विष्ठा, कोळ्याची जाळी अडकतात. म्हणून मृगाआधी ते धुऊन तपासा. तपासणी घरीच होते. तोंडाचा व्यास ११ सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस सेंटीमीटर भरते. ९५ मिलिलिटर पाणी अगदी थेंब-थेंब ओतले की यंत्राने १० मिलिमीटर दाखवायला हवेत. एकदम ओतले तर आतली डोलणारी वाटी हिशेब चुकवते. गडगडाट सुरू झाला की खांबाजवळ जाऊ नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलमध्ये ठेवा, विजेची चाहूल ते देते.

आकडे वाचण्याची वेळ एकच ठेवा, शक्यतो सूर्योदयापूर्वीची. उन्हाने सेन्सर तापला की दुपारी आकडा एक-दोन टक्क्यांनी हलतो आणि रात्री परत येतो, त्याला ओलावा समजू नका. ठिबकातून खत सोडले की क्षारांमुळे आकडा उसळतो, तोही खोटा. पाच मिलिमीटरच्या आतली भुरभुर १५ सेंटीमीटरवर पोचतच नाही. पर्जन्यमापकात ती जमा होते, पाण्याच्या हिशेबात धरू नका. ऑगस्टमध्ये भेगा मिटून रान फुगलेले असते तेव्हा उलट घडते. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळले तरी आत फार थोडे शिरते, बाकीचे बांध फोडून ओढ्याला मिळते.

पिकांचे बोलायचे तर सोयाबीनला फुलोरा आणि शेंगा भरण्याच्या काळातला खंड सर्वात जड जातो. त्या वेळी शेततळ्यातले किंवा विहिरीतले एखादे संरक्षित पाणी नेमक्या दिवशी मिळाले पाहिजे. सेन्सर पाणी देण्याच्या आकड्यापर्यंत उतरला, पण अंदाजात दोन दिवसांत चांगला पाऊस असेल, तर थांबा. भरलेल्या रानावर पुन्हा पाऊस आला की सोयाबीन पिवळे पडते. हरभऱ्याच्या बाबतीत सेन्सरचा उपयोग मला सर्वात मोठा वाटतो. या पिकाला फांद्या फुटताना, फुलोऱ्यात आणि घाटे भरताना हलके पाणी लागते, पण पाणी जास्त झाले की ते उभळते. आणि उशीर होऊन भेगा पडल्या तर दिलेले पाणी भेगांतून खाली जाते, मुळांपाशी थांबत नाही. भेगा पडण्यापूर्वी पाणी द्या, असे विद्यापीठे म्हणतात. तो ‘पूर्वी’ कधी, हे १५ सेंटीमीटरवरची रेघ दाखवते. मागच्या हंगामात ज्या आकड्याला पहिली बारीक भेग दिसली, त्याच्या दोन टक्के वर पाळी ठरवायची. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जुनी माणसे म्हणत, त्याचीही पडताळणी होते. कोळपून वरच्या भेगा बुजवल्या की रेघेचा उतार मंदावलेला दिसतो.

अतिवृष्टीतही सेन्सर कामाचा आहे. २०२५च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात रानेच्या राने पाण्याखाली गेली. अशा वेळी वरचे पाणी ओसरले तरी ३० सेंटीमीटरवरचा आकडा शिखरावर अडून राहतो, म्हणजे मुळे अजून गुदमरलेली आहेत. चर काढून पाणी बाहेर घालवा, आणि आकडा वाफशाच्या खुणेला येईपर्यंत ट्रॅक्टर रानात घालू नका. चाकाखाली दबलेला काळा थर पुढे दोन हंगाम पाणी मुरू देत नाही.

एक स्पष्ट सांगतो, तुमच्या केंद्रावर १२० मिलिमीटर नोंदले गेले म्हणून नुकसानीच्या मदतीत ते ग्राह्य धरत नाहीत. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त, हा अतिवृष्टीचा निकष महसूल मंडळाच्या नोंदीवर लागतो. त्यासाठी राज्यात २०१७पासून महावेध प्रकल्पात स्कायमेटने दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी केली. पंचनाम्याच्या वेळी तुमची वही बोलायला मदत करते, शासकीय आकड्याची जागा घेत नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीहून निघणारा कृषी हवामान सल्ला, ‘मेघदूत’ अ‍ॅपवरचा अंदाज आणि तुमच्या रानातले दोन आकडे एकत्र वाचण्याची सवय मात्र जरूर लावून घ्या.

राज्यात याचे मोठे प्रयोग झाले आहेत. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प चालवला. त्याचा पाया म्हणजे शेतातले हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर. नाशिकच्या द्राक्षबागांतही असे सेन्सर रुळले आहेत. पण द्राक्षाचा आणि उसाचा पैसा वेगळा, कोरडवाहू सोयाबीनचा वेगळा. म्हणून खर्चाबद्दल माझे मत ठाम आहे. ज्याच्याकडे विहीर, बोअर किंवा शेततळे आहे आणि ठिबक वा तुषार आहे, त्याने संपूर्ण संच घ्यावा. ज्याच्याकडे पाण्याचा कोणताही स्रोत नाही, त्याने कर्ज काढून सेन्सर घेऊ नये, कारण तुटीची खबर मिळाली तरी द्यायला पाणी नसते. त्याला साधा प्लास्टिकचा पर्जन्यमापक आणि हातात धरायचे ओलावा दर्शक यंत्र पुरेसे आहे. कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेने असे एक दर्शक विकसित केले आहे. ते मातीत खुपसले की निळा, हिरवा, केशरी किंवा लाल दिवा लागतो. लाल म्हणजे लगेच पाणी. याहून चांगला मार्ग म्हणजे एका शिवारातल्या आठ-दहा जणांनी मिळून एक केंद्र घ्यावे, भारी जमिनीत एक जोडी आणि मुरमाडात एक जोडी सेन्सर बसवावेत आणि सकाळचा आकडा गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे काम हाती घ्यावे, असे मनापासून वाटते.

देखभाल थोडी आहे पण चुकवता येत नाही. सेन्सरच्या खुंटाला लाल कापड बांधा आणि कोळपणाऱ्याला, फवारणीवाल्याला जागा प्रत्यक्ष दाखवून ठेवा. रानडुकरे खुंट उपटतात, म्हणून भोवती काटेरी फांद्या टाका. सेल हंगामाच्या सुरुवातीलाच नवा घाला. त्याच्या डब्यात मुंग्या शिरतात, तेव्हा रबरी झाकण नीट बसले आहे ना ते पाहा. हरभरा निघाला की नांगरटीपूर्वी सेन्सर काढायचे, पण ओढून नव्हे. कडेने पाणी सोडून माती मऊ करा, खणून पट्टी मोकळी करा, ओल्या फडक्याने पुसा, कोणता सेन्सर कोणत्या खोलीवर होता ते त्यावर लिहा आणि सेल काढून सावलीत ठेवा. एक जोडी मात्र नांगर न लागणाऱ्या कडेच्या पट्टीत तशीच राहू द्या. मे महिन्यातले अवकाळी आणि मृगाचे पहिले पाऊस तिच्यावरच मोजायचे आहेत.